सरकारी गाय

जिल्ह्यातल्या पारंपरिक कळपांत ब्रुसेलोसिसचं प्रमाण किती, या प्रश्नाचं उत्तर पशुवैद्यकीय कार्यालयाला अकरा वर्षं तोंडपाठ होतं. शून्य. इतका गोल, स्वच्छ आणि सांभाळायला सोपा आकडा दुसऱ्या कुठल्याच खात्याकडे नव्हता. शेजारच्या जिल्ह्यांत कुठे नऊ टक्के, कुठे चौदा. तिथल्या गाई सातव्या-आठव्या महिन्यात गाभडायच्या, त्यांना सांभाळणारी माणसं तापाने फणफणायची. इथे मात्र काही नाही. रोगाने जणू हद्दीवरची पाटी वाचली होती आणि तो आल्या पावली परत गेला होता.

हे शून्य कार्यालयात नव्याने आलेल्या डॉक्टरणीच्या घरचंच होतं. म्हणजे तिच्या सासऱ्यांनी मिळवलेलं. ते याच कार्यालयात जनावरांचं रक्त गोळा करायच्या कामावर होते. पेटी घेऊन सकाळी कळपावर जायचे आणि संध्याकाळी पन्नास नळ्या भरून परत यायचे. अंगावर ओरखडा नाही, विजारीला शेणाचा डाग नाही. रानात मोकळी वाढलेली, माणूस दिसला की शिंग रोखणारी पन्नास जनावरं एकटा माणूस दिवसात कशी टोचतो, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांचा सत्कार झाला, आणि दोन महिन्यांनी सून बदली होऊन त्याच कार्यालयात डॉक्टर म्हणून आली. 

"बाबा, कसं जमायचं तुम्हाला?" तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"हाताचा गुण असतो," सासरे म्हणाले होते आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडलं होतं.

पहिल्या फेरीला तिने दोन परिचर आणि एक ड्रायव्हर बरोबर घेतला. दिवसभरात सात नळ्या भरल्या. एक परिचर चिखलात लोळला, ड्रायव्हर जीपच्या टपावर चढून बसला तो ऊन उतरेपर्यंत खाली आला नाही, आणि डॉक्टरणीच्या मांडीवर निळाजांभळा खूर उमटला. दुभत्या गाईच्या लाथा गोड, ही म्हण ज्याने केली तो दूध विकत घेणारा असणार.

रक्त गोठू देऊन तिने वरचं पिवळसर पाणी वेगळं काढलं. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर त्याचा एक थेंब, त्यात तपासणीच्या गुलाबी द्रावणाचा एक थेंब, काडीने ढवळायचं आणि चार मिनिटं फरशी हलकेच झुलवत राहायची. रोग नसेल तर थेंब गुळगुळीत राहतो. असेल तर दूध नासावं तसा फुटतो. सातांपैकी तीन थेंब फुटले. तिने सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच तीन.

"सातात तीन," तिने साहेबांना सांगितलं.

साहेब खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत होते. "सात हा आकडा नाही, मॅडम. सात म्हणजे आठवडा झाला."

"मग आकडा कितीपासून सुरू होतो?"

"तीनशेपासून," साहेब म्हणाले आणि त्यांनी कपाटातून परिपत्रक काढून दिलं.

कालवडींसाठी लस हवी असेल तर किमान तीनशे नमुने, रोगाचं प्रमाण पाच टक्क्यांच्या वर, आणि अहवाल महिनाअखेरपर्यंत. जिल्ह्यांची यादी पाच वर्षांतून एकदाच व्हायची. मागच्या दोन्ही याद्यांच्या वेळी या जिल्ह्याला शून्याबद्दल अभिनंदनाचं पत्र आलं होतं. लस आली नव्हती.

महिनाअखेरीला तेवीस दिवस उरले होते. लागण झालेल्या गाईला औषध नाही. लस टोचायची ती कालवडीला, वयाच्या चौथ्या ते आठव्या महिन्यात, एकदाच. वय टळलं की टळलं. यादीत नाव लागलं नाही तर आणखी पाच वर्षांच्या कालवडी मोठ्या होऊन गाभण राहणार, गाभडणार, आणि जे जमिनीवर सांडेल त्यातून रोग शेजारणीला देणार. डॉक्टरणीने परिपत्रकाची घडी घालून खिशात ठेवली.

"तीनशे मिळतील," ती म्हणाली.

"बाबांना तर दिवसाला पन्नास मिळायच्या," साहेब कुंडीला म्हणाले.

सगळ्यात मोठा कळप थोरलीचा. ती नेमकी कोणाची थोरली हे आता कोणालाच आठवत नव्हतं. पाच दीर, त्यांच्या बायका, त्यांच्या सुना आणि एकशेदहा जनावरं, सगळ्यांचीच ती थोरली. डॉक्टरीण जीपमधून उतरली, पेटी उघडून तिने सुई हातात घेतली, तोच झोपडीच्या सावलीतून एक तांबडी गाय उठली. आळोखेपिळोखे देत चालत आली, डॉक्टरणीसमोर आडवी उभी राहिली आणि मान उचलून तिने एका बाजूला वळवली. शीर समोर. शिरेवर जुन्या टोचण्यांची रांग, मशीनवर टीप मारल्यासारखी.

"ही काय करतेय?" डॉक्टरणीने विचारलं.

"ही तुमचीच की," थोरली म्हणाली. "सरकारी गाय."

"सरकारने दिलेली?"

"देतंय सरकार! सरकारसाठी ठेवलेली. घ्या, किती नळ्या हव्यात? पन्नास सहज देते. सुईवाले दादा तेवढ्याच घ्यायचे. मध्ये एकदा पाणी दाखवायचे, बस."

डॉक्टरीण पेटीवर बसली.

"पहिल्या वर्षी दादांना आमच्या बैलानं उचलून कुंपणावर टाकलं," थोरली सांगू लागली. "भला माणूस, बायकोपोरांचा. माझा जीव कळवळला. आमच्याकडे एक वांझ गाय होती, कधी गाभणच राहिली नाही. दाराशी एकटी असायची, कोणी काही करा, हू नाही की चू नाही. म्हटलं, दादा, हिचंच घ्या, रक्त ते रक्त. मग बाकीच्या कळपांनीही आपापली एकेक ठेवली. ही आमची दुसरी बरं का. पहिली म्हातारी होऊन गेली, तिच्या जागी हिला नेमली."

कार्यालयात रिकाम्या जागा वर्षानुवर्षं भरत नसत. इथे भरती वेळेवर झाली होती.

अकरा वर्षांचं शून्य डॉक्टरणीपुढे रवंथ करत उभं होतं. जी कधी गाभणच राहिली नाही, कळपातही मिसळली नाही, तिला हा रोग लागणार कुठून?

"थोरल्या बाई, या वर्षी तुमच्या किती गाई गाभडल्या?"

थोरलीला बोटं मोजावी लागली नाहीत. "नऊ. गेल्या वर्षी सात. त्याआधी अकरा. ती काळ्या कपाळाची दोनदा, तिची आई एकदा. दोघींची वार पडेना, हात घालून काढावी लागली. धाकट्या जावेनं काढली. तिला तेव्हापासून ताप येतो नि जातो."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"रक्त मागत होते, रक्त दिलं," थोरली म्हणाली. "गाभडल्या किती, हे विचारलं का कोणी?"

संध्याकाळी घरी सासरे कमरेला गरम पाण्याची पिशवी लावून बसले होते. गेली सहा वर्षं त्यांना ताप यायचा, आठ-दहा दिवस राहायचा, घामाने चादर भिजायची, मग तो आपला आपण निघून जायचा. एका डॉक्टरने मलेरिया म्हटलं, दुसऱ्याने संधिवात, तिसऱ्याने वय.

"बाबा, आज सरकारी गाय भेटली," डॉक्टरीण म्हणाली.

सासऱ्यांनी पिशवी उजवीकडून डावीकडे सरकवली. "तांबडी की बांडी?"

"तांबडी."

"गुणाची आहे," ते म्हणाले. मग त्यांनी पिशवी पुन्हा उजवीकडे नेली. "रक्त गाईचंच होतं ना?" त्यांनी विचारलं. "मी काय कोंबडीचं दिलं?"

"अकरा वर्षं एकाच गाईचं, बाबा!"

"एकाच कशी? दर कळपाची वेगळी."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "आणि मी शेजारणीला सांगत होते, आमच्या यांच्या विजारीला डाग म्हणून पडत नाही, काय टापटीप माणूस!"

"तू मध्ये पडू नकोस," सासरे म्हणाले.

"हात पुढे करा, बाबा," डॉक्टरीण म्हणाली. तिच्या हातात रिकामी नळी होती. "कळपावर दूध प्यायचात ना?"

"धारोष्ण. तांब्या भरून. प्रेमानं देतात, नाही कसं म्हणायचं?"

"मग हा ताप तोच आहे, असं मला वाटतंय. बघू दे."

"मी काय कळपातला आहे?"

सासूबाईंनी पदराला हात पुसले, नवऱ्याची बाही वर केली आणि त्याचा दंड टेबलावर दाबून धरला. "घे गं तू. लाथ मारली तर मी आहे."

दुसऱ्या दिवशी तिसरं मिनिट भरायच्या आतच तो थेंब फुटला. डॉक्टरणीने सासऱ्यांना हॉस्पिटलात नेलं. तिथे पक्की तपासणी होऊन सहा आठवड्यांची औषधं लिहून मिळाली. परतताना सासरे जीपमध्ये औषधांची चिठ्ठी वाचत होते. घर जवळ आल्यावर म्हणाले, "रक्त एकीचं घेतलं आणि दूध सगळ्यांचं प्यालो."

डॉक्टरणीने त्यांच्या हातातली चिठ्ठी घेऊन पर्समध्ये ठेवली.

"तीनशे कशा भरणार आहेस?"

"तुम्ही सांगा. तुम्हाला अकरा वर्षांचा अनुभव."

"मला एकीचाच अनुभव," सासरे म्हणाले. "पण थोरलीला विचारू. उद्या मी येतो. तिनं मला वाचवलं असं तिला वाटतं. ते आधी मिटवायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी ते कंबर धरून जीपमधून उतरले तेव्हा तांबडी गाय उठून आलीच. त्यांनी तिच्या मानेवर थाप मारली. "बस गं तू. आज तुझं काम नाही." मग ते थोरलीकडे वळले. "थोरले, माझ्याकडून चूक झाली. तुझ्या कळपात रोग आहे आणि मी अकरा वर्षं तो नाही म्हणून लिहून दिलं. त्यामुळे तुमच्या कालवडींना लस मिळाली नाही. या वर्षीच्या नऊ माझ्या माथी मार."

"नऊच का?" थोरली म्हणाली. "अकरा वर्षांच्या मोजू ना." मग ती डॉक्टरणीकडे वळली. "आणि रोग निघाला म्हणजे? गाई ओढून नेऊन मारणार?"

"नाही. कानाला खूण करू. व्यायच्या वेळी ती गाय वेगळी बांधायची. गाभडलेलं आणि वार उघड्या हाताने उचलायची नाही, खोल पुरायची. दूध उकळल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही. आणि कालवडींना लस."

"आणलीस लस?"

"नाही. आधी आकडा द्यावा लागतो."

"म्हणजे रोग दाखवा, मग औषध घ्या."

"हो."

"उफराटंच आहे हे."

"आहेच," डॉक्टरीण म्हणाली. "पण दुसरं दार नाही. मला तीनशे गाई हव्यात, अठरा दिवसांत."

थोरलीने डॉक्टरणीच्या मांडीवरच्या लाथेची हकिगत ऐकली होती. जिल्ह्यात सगळ्यांनीच ऐकली होती. "दिवसाउजेडी दोर घेऊन मागं लागलीस तर कोण उभी राहील? गाय एकाच माणसाला उभी राहते, तिला पिळणाऱ्याला. तेही धार काढताना. शेपटीतून येतं का रक्त?"

येतं. शेपटीच्या बुडाशी, खालच्या अंगाला. कॉलेजात शिकवलं होतं. कार्यालयात इतकी वर्षं मानेवरच भागत असल्यामुळे शेपटीची आठवण कोणाला राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला सुरुवात झाली. पुढे वासरू, बाजूला धार काढणारी बाई, मागे डॉक्टरीण. भांड्यात धारेचा आवाज एकसारखा होईपर्यंत थांबायचं, मग शेपूट सरळ वर उचलायची, हाडांमधली खोबण बोटाने चाचपायची आणि सुई सरळ आत. सासरे पालथ्या बादलीवर बसून नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचे: कळप कुठला, गाय कुठली, गाभडली होती का. कोणी तांब्या पुढे केला की म्हणायचे, "उकळून दे." लोक हसायचे. ते पुन्हा म्हणायचे, "उकळून दे."

तीन दिवसांत चौसष्ट नळ्या झाल्या. चौथ्या पहाटे डॉक्टरीण मध्येच थांबली. तिने नळ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून काढल्या.

"बाबा, 'गाभडली' अशी चिठ्ठी एकच आहे."

"मग?"

"धार काढताना वासरू पुढ्यात लागतं. गाभडलेलीला वासरू कुठलं? ती दावणीलाच येत नाही. आपण पुन्हा धडधाकट गाईच निवडतोय." तिने हातातली नळी पेटीत ठेवली. "पुन्हा सरकारी गायच झाली ही, फक्त चौसष्ट."

थोरली दोन पावलांवर धार काढत होती. तिने मान न वळवता विचारलं, "गाभडलेल्या हव्यात का? मग सांगायचं ना. त्या मिठाला उभ्या राहतात."

त्या मिठाला उभ्या राहिल्या. तळहातावर खडेमीठ घेऊन बाई पुढे उभी राहायची, गाय चाटत राहायची, आणि डॉक्टरीण मागे. सगळ्याच राहिल्या असं नाही. दुसऱ्या कळपात एकीने मीठ चाटून संपवलं आणि मग डॉक्टरणीला तुडवलं. दुसरी मांडीही पहिलीसारखीच झाली. सासूबाईंनी रात्री ती शेकून दिली, "बरं झालं, जोडी जमली," एवढंच म्हणाल्या आणि साडेतीनचा गजर लावून दिला. तिसऱ्या कळपाने आधी आपली सरकारी गायच पुढे केली. सासऱ्यांनी पुन्हा चूक कबूल केली. पाचव्या कळपापर्यंत त्यांना ती इतकी सफाईने कबूल करता येऊ लागली की लोक चहा ठेवून ऐकायला बसत. बैल राहून गेले. काही भाकड गाई हातीच लागल्या नाहीत. ते डॉक्टरणीने अहवालात तसंच लिहिलं.

सहा कळप, तीनशे चार नळ्या. एकसष्ट थेंब फुटले. वीस टक्के. पाच गाईंमागे एक, आणि सहाच्या सहा कळपांत.

महिना संपायला दोन दिवस होते. साहेबांनी अहवाल वाचला, पुन्हा वाचला आणि पालथा ठेवला.

"मॅडम, शून्यावरून एकदम वीस? आकडा अशी उडी मारत नसतो. तो चालत येतो. यंदा दोन दाखवू. पुढच्या वर्षी चार. वरच्यांनाही सवय होईल."

"दोनवर लस मिळत नाही, साहेब."

"आणि वीसवर मला नोटीस मिळेल. अकरा वर्षांच्या शून्याखाली माझ्या सह्या आहेत."

"शून्य खोटं होतं."

"खोटं होतं हे कोण म्हणतं?"

"मी म्हणतो," दारातून सासरे म्हणाले. ते कंबर धरून आत आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी एक कागद टेबलावर ठेवला. अक्षर मोत्यासारखं होतं. खात्यातली भाषा ते विसरले नव्हते: 'सदर अकरा वर्षांत सर्व नमुने प्रत्येक कळपातील एकाच वांझ गाईचे घेण्यात आले. सदर गाई पूर्णतः सहकार्य करीत होत्या. इतर जनावरांचे नमुने घेण्यात आले नाहीत. सबब शून्य हा आकडा सदर गाईंपुरताच ग्राह्य धरावा.' खाली सही.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "अहो, हे वर गेलं तर तुमच्यावर चौकशी बसेल. निवृत्त झालात, सुखानं बसा ना."

"सुखानं बसवत नाही, कंबर दुखते. बसू दे चौकशी. मी घरीच असतो."

"आणि माझं काय?"

"तुम्ही नळ्या मोजून सही केलीत. नळ्या पन्नास होत्याच."

साहेबांनी कागद हळूच आपल्या बाजूला ओढला. "हा माझ्याकडेच राहू दे. बघतो काय करता येतं."

"ठेवा की," सासरे म्हणाले. "ती तुमची प्रत. वरच्या ऑफिसची सकाळीच रजिस्टर्ड पोस्टाने गेली. आमच्या हिनं जाऊन टाकली. पावतीही आणली."

साहेब खिडकीकडे बघत राहिले. वरच्या ऑफिसच्या टेबलावर एक कागद सगळंच खोटं होतं म्हणणार आणि त्याच्याशेजारी दुसरा कागद दोन टक्के म्हणणार, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं असावं. त्यांनी अहवाल सरळ केला, पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. तारीख घालताना म्हणाले, "वीस कसले, वीस पूर्णांक सात शतांश लिहा. खरं वाटायला हवं."

यादी पुढच्या महिन्यात आली. जिल्ह्याचं नाव सतरावं होतं. पहिल्या खोक्यातल्या लशी थोरलीच्या कळपाला गेल्या. तिने सकाळीच सगळ्या कालवडी कुडाच्या आत कोंडून ठेवल्या होत्या, एकूण एक, गरीब आणि आडदांड सगळ्या. डॉक्टरणीने एकतीस टोचल्या. मग तिने बारा बाजूला काढल्या.

"ह्या का नाही?" थोरलीने विचारलं.

"चार महिन्यांच्या नाही झाल्या अजून. ह्यांना दोन महिन्यांनी."

"दोन महिन्यांनी कोण येणार?"

"मी येते."

"आणि बदली झाली तुझी तर?"

"झाली तरी येते."

थोरलीने तिच्याकडे नीट पाहिलं. अकरा वर्षांत तिने सरकारला बराच पाहुणचार केला होता. "बघू," ती म्हणाली, आणि कुडामागे लपलेली बत्तिसावी कालवड कान धरून पुढे ओढली. "ही सुटली होती बघ तुझी. धर घट्ट, लाथ मारते."